झौरसमध्ये वायफाय कार्डाचा दिवा लागतो, पण डब्ल्यूलॅन० उगवतच नाही

खुडबुड्या:
कपाटात पडलेला झौरस एसएल-५५०० (शार्पचा जुना खिशातला लिनक्स संगणक) परत चालू केलाय. त्यावर ओपनझौरस ही लिनक्स प्रणाली, कर्नल २.४.१८. सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) वायफाय कार्ड खोचलं की त्याचा दिवा लुकलुकतो, म्हणजे वीज पोचतेय. पण वायफाय जोडणी चालू करायला 'आयएफअप डब्ल्यूलॅन०' दिलं की 'नो सच डिव्हाइस'. नेटवर्कच्या सेटिंगची इंटरफेसेस फाइल इतक्यांदा खरडलीय की मूळची कशी होती तेच विसरलो. आणि त्या इवल्याशा कीबोर्डावर एक स्लॅश टाइप करायचा म्हणजे शिक्षाच. कार्ड मेलंय का?

जुनाटप्रेमी:
मेलं नसावं. नुसतं 'आयएफकॉन्फिग -ए' दे, जोडण्यांच्या यादीत ईटीएच० दिसतंय का बघ. मग कुठला ड्रायव्हर चढलाय ते बघायला 'एलएसमॉड' आणि कार्डाची ओळख बघायला 'कार्डसीटीएल आयडेंट'. इंटरफेसेस फाइलला तूर्त हात लावू नकोस.

खुडबुड्या:
अरेच्चा, ईटीएच० आहे की! मला वाटलं ते यूएसबी केबलचं असेल. एलएसमॉडमध्ये ऑरिनोको_सीएस. मॅनफिड (कार्डाचा ओळखक्रमांक) हेक्समध्ये ०१५६, ०००२.

जुनाटप्रेमी:
केबलचं नाव यूएसबीडी० असतं. तुझं कार्ड ऑरिनोकोने पळवलंय. हा मॅनफिड प्रिझम चिपच्या बऱ्याच कार्डांचा, आणि त्यावर ऑरिनोको, होस्टएपी, डब्ल्यूलॅन-एनजी असे तिन्ही ड्रायव्हर हक्क सांगतात. ऑरिनोको ईटीएच० नाव देतो, बाकीचे दोघे डब्ल्यूलॅन०. तू डब्ल्यूलॅन० शोधत बसलास आणि कार्ड शेजारच्या नावाने मजेत चालू होतं. ऑरिनोकोवर डब्ल्यूईपी हे वायफायचं जुनं कुलूप चालेल, पण त्यानंतरचं डब्ल्यूपीए हवं असेल तर होस्टएपीच लाव. ईटीसी/पीसीएमसीआयएमधल्या हर्मीस.कॉन्फमध्ये हाच मॅनफिड असलेल्या कार्डाच्या ओळींपुढे हॅश टाकून त्या बंद कर, डब्ल्यूलॅन-एनजीचं पॅकेज असेल तर काढ, पीसीएमसीआयए ही कार्डं सांभाळणारी सेवा रीस्टार्ट कर.

रात्रपाळी:
कॉन्फ फाइलची प्रत आधी ठेव रे. मी ठेवली नव्हती, शेवटी अख्खा रॉम पुन्हा फ्लॅश केला.

खुडबुड्या:
प्रत ठेवली. डब्ल्यूलॅन० आलं! बिनपासवर्डचं नेटवर्क तात्पुरतं उघडून बघितलं, पिंग जातंय. डब्ल्यूपीए लावलं की मात्र जुळतच नाही. पासवर्ड तीनदा तपासला.

जुनाटप्रेमी:
म्हणजे ड्रायव्हरचं काम झालं, आता कार्डातलं फर्मवेअर, म्हणजे कार्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर. 'डीमेसेज'मध्ये होस्टएपी त्याची, म्हणजे एसटीएची, आवृत्ती छापतो. डब्ल्यूपीएसाठी ती किमान १.७.० लागते.

खुडबुड्या:
१.४.९. 🙁

जुनाटप्रेमी:
होस्टएपी-युटिल्समध्ये फर्मवेअर चढवायला प्रिझम२_एसरेक आहे. '-आर' दिलंस तर नवं फर्मवेअर नुसतं रॅममध्ये चढतं, कार्ड काढलं की गायब, म्हणून चुकलं तरी फार बिघडत नाही. '-एफ' कायमचं लिहितं. त्यात बॅटरी मधेच गेली तर कार्ड कायमचं गेलं असं समज. आधी '-आर'च. ड्रायव्हर डाउनलोडची सोय चालू ठेवून बांधलेला असेल तरच हे जमेल, आणि फाइल तुझ्याच कार्डाच्या प्रकारची घे. शिवाय राउटर २.४ गिगाहर्ट्झवर ८०२.११बी हे जुनं वायफाय स्वीकारतोय ना, तेही बघ. पुष्कळ जण ते बंद करून ठेवतात.

खुडबुड्या:
दोन दिवस गेले, पण एसटीए १.७.४ दिसतंय आणि डब्ल्यूपीए जुळलं! हा मजकूर झौरसवरूनच टाइप केलाय, स्लॅशसकट. यंत्र झोपवून उठवलं की कार्डाची वीज जाते आणि पुन्हा १.४.९. '-एफ'ची छाती होत नाही, त्यामुळे कार्ड जागं झालं की आपोआप '-आर' चालवणारी स्क्रिप्ट लिहितोय. ती पीसीएमसीआयएच्या वायरलेस स्क्रिप्टमध्ये घुसवू की वेगळी ठेवू?

रात्रपाळी:
वेगळी. आणि प्रत ठेव.