गाडीच्या स्टिरिओला बाहेरचा प्लेअर: तुम्ही काय जोडलंत?

खिशातल्या प्लेअरमध्ये हजार गाणी आणि गाडीच्या स्टिरिओला बाहेरून काही जोडायची सोयच नाही, हा पेच आपल्यापैकी बऱ्याच जणांनी सोसलाय. आयपॉड २००१ मध्ये आला तेव्हा बहुतेक गाड्यांत कॅसेट, फार तर सीडी. मग ज्याने त्याने आपापली वाट काढली. त्या खटपटींसाठी हा धागा. काय जोडलं, आवाज कसा आला, कशाने छळलं आणि ते कशाने गेलं, ते लिहा. नुसतं 'मस्त चालतं' नको. तार कुठून कुठे गेली ते हवं. आणि चालत्या गाडीत गाणं बदलायच्या युक्त्या इथे देऊ नका. ते काम शेजारी बसणाऱ्याचं.

*

माझं मत कॅसेट अडॅप्टरला. दिसायला साधी कॅसेट, पण आत फीत नाही. फीत जिथे डेकच्या हेडला टेकते, नेमकं तिथे अडॅप्टरचं स्वतःचं छोटं हेड असतं. प्लेअरचा सिग्नल ते चुंबकीय क्षेत्राच्या रूपात समोरच्या हेडला देतं आणि डेक बिचारा आपण फीतच वाचतोय अशा समजुतीत. आतल्या दातेरी चाकांचं काम डेकला फसवण्यापुरतं. ती अडकली तर ऑटो-रिव्हर्सवाल्या डेकला फीत संपली असं वाटतं. मग तो सारखी बाजू बदलतो नाहीतर कॅसेट बाहेर ढकलतो. माझ्या अडॅप्टरची चाकं झिजल्यापासून बारीक कटकट येते. गाणं जोरात असेल तर कळत नाही, पण संथ आलापीत जीव नकोसा होतो.

आवाज दबका वाटत असेल तर आधी डेकवरचं डॉल्बीचं (फितीची खरखर कमी करणाऱ्या सोयीचं) बटण बंद करा. कॅसेट भरताना वरच्या पट्टीतले क्षीण आवाज मुद्दाम वाढवलेले असतात आणि वाजवताना डॉल्बी ते परत खाली आणतं. आपल्या प्लेअरमधून येणाऱ्या गाण्यात ते मुळात वाढवलेलेच नसतात, त्यामुळे झांजा, घुंगरू सगळं गुळमुळीत होतं.

*

डॉल्बीबद्दल अगदी सहमत. जोडीला डेकचं हेड कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. माझ्या डेकच्या हेडवरून तपकिरी मळ निघाला आणि आवाज उघडला.

*

मी एफएम ट्रान्समीटरवाला, म्हणजे प्लेअरचं गाणं रेडिओलहरींवरून गाडीच्या रेडिओला पोचवणारा. लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा, रिकामी फ्रिक्वेन्सी शोधायची, रेडिओ तिथे लावायचा. तार नाही, डॅशबोर्ड उघडणं नाही. दोन्हीकडे तीच फ्रिक्वेन्सी लावली की झालं. पण लांबच्या प्रवासात ही रिकामी जागा रिकामी राहत नाही. सुरुवातीला ९१ च्या आसपास शांत होतं, पुढे त्याच जागी कुणीतरी निवेदक बोलायला लागला आणि माझी गझल त्याच्या बातम्यांखाली गेली.

दोष यंत्राचा कमी, नियमांचा जास्त. हे ट्रान्समीटर मुद्दाम अगदी क्षीण ठेवावे लागतात. ब्रिटनमध्ये तर २००६ च्या डिसेंबरपर्यंत ते बेकायदाच होते. शिवाय ट्रान्समीटर पत्र्याच्या पेटीच्या आत आणि गाडीची अँटेना बाहेर, मग दूरचं केंद्र वरचढ ठरणारच. बोलण्याचे कार्यक्रम ऐकायला ठीक. संगीतासाठी मी पुन्हा घेणार नाही.

*

माझ्या गाडीत ऑक्स, म्हणजे बाहेरच्या प्लेअरची तार खोचायची जागा, आहे, त्यामुळे मी सुखी असायला हवं होतं. प्लेअर जोडला, आवाज सुरेख. बॅटरी उतरत आली म्हणून लायटरच्या सॉकेटमध्ये चार्जर लावला आणि गाण्यामागे शिट्टी सुरू झाली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढते, सोडला की उतरते. सिग्नलला उभं असताना खर्जात गुणगुण, घाटात तार सप्तक.

स्टिरिओ बदला, असा सल्ला मिळाला. तो न ऐकता एक-एक गोष्ट काढून बघितली. चार्जर उपटला की शिट्टी गायब. चार्जर ठेवून ऑक्सची तार काढली तरी गायब. दोन्ही एकत्र असतील तेव्हाच त्रास. म्हणजे प्लेअरला दोन वाटांनी अर्थ (ग्राउंडची जोडणी) मिळत होता, एक चार्जरमधून आणि एक स्टिरिओतून, आणि त्या दोन जागांच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक होता. इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचा तरंग त्या फरकातून ऑक्सच्या तारेत शिरतो. इंजिनाच्या गतीबरोबर सूर बदलतो तो म्हणूनच.

उपाय ग्राउंड लूप आयसोलेटर. ऑक्सच्या तारेत मधे बसवायची छोटी डबी, आत दोन इवले ट्रान्सफॉर्मर. आवाज पलीकडे जातो, पण तारेचा थेट संबंध तुटतो. शिट्टी साफ गेली. फक्त स्वस्तातली डबी बेस खाते. माझी पहिली खात होती, ढोलाचा नुसता टपटप आवाज यायचा.

*

ऑक्सचाच आणखी एक चमत्कार. संगीत नीट, पण गायिका गायब! वाद्यं आणि कोरस ऐकू येतात, मुख्य आवाज कुठल्या तरी विहिरीतून आल्यासारखा. गाणं बदललं तरी तेच. कुणाला काही कल्पना?

*

पिन पूर्ण आत गेलेली नाही, किंवा तारेत अर्थ तुटलाय. अर्थ नसला की डाव्या-उजव्या बाजूंतला फरक तेवढा वाजतो. गायिकेचा आवाज दोन्हीकडे सारखाच भरलेला असतो, म्हणून तो कटतो. जाड कव्हरमुळे पिन अर्धवट बसते, तेही बघा. माइकवाली, म्हणजे चार भागांची पिन असेल तर तीन भागांची साधी तार लावून पाहा.

*

कव्हरच होतं! काढल्यावर बाई परत आल्या. आभार.

*

ऑक्सवाल्यांना एक सांगणं: प्लेअरचा आवाज पाऊणपर्यंत ठेवा, बाकी स्टिरिओवर वाढवा. प्लेअर अगदी हळू ठेवून स्टिरिओ ताणला तर खरखरही तितकीच वाढते. प्लेअर पूर्ण चढवला तर काही जुन्या प्लेअरचा आवाज फाटतो. प्लेअरचा इक्वलायझर बंद.

*

मी पेन ड्राइव्हवर स्थिरावलो. पण गाणी भलत्याच क्रमाने वाजायची. बऱ्याच स्टिरिओंना नावाशी देणंघेणं नसतं. ज्या क्रमाने फायली कॉपी झाल्या त्या क्रमाने ते वाजवतात. ड्राइव्ह रिकामा करून गाणी ओळीने कॉपी केली, काम झालं. जे स्टिरिओ नाव बघतात त्यांच्यासाठी १, २ ऐवजी ०१, ०२ लिहा, नाहीतर १ नंतर थेट १० येतं. ड्राइव्ह फॅट ३२ (फायली साठवायची एक जुनी पद्धत) मध्ये फॉरमॅट केलेला हवा, जुन्या स्टिरिओला दुसरं ओळखता येत नाही. सलग मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन फायलींमधला क्षणभराचा खंड मात्र गेला नाही. त्यासाठी मी अख्खी मैफल एकाच फाइलमध्ये केली.

*

स्टिरिओवर ब्लूटूथचं चिन्ह आहे, फोन येतो-जातो, पण गाणी वाजत नाहीत. जुन्या गाड्यांत ब्लूटूथ निव्वळ बोलण्यापुरतं असतं. संगीतासाठी ए-टू-डी-पी नावाची वेगळी सोय लागते, ती यात नाही. म्हणून ऑक्सला लावायचा ब्लूटूथ रिसीव्हर आणला. लायटरवर चालवला तर वर कुणी लिहिलीय तीच शिट्टी. आता त्याच्या आतल्या बॅटरीवर चालवते आणि चार्जिंग घरी करते.