बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे, तरी व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू रांगतंय?

व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे विंडोजच्या आत दुसरा, आभासी संगणक (मशीन) चालवणारं सॉफ्टवेअर. त्यात उबुंटू ही लिनक्स प्रणाली फार हळू चालते, या तक्रारीवर दोघांनी 'बायॉसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू करा' म्हटलंय, म्हणजे आभासी संगणक वेगात चालवायची प्रोसेसरची सोय. बरोबरच आहे, पण टास्क मॅनेजरच्या सीपीयू पानावर 'एनेबल्ड' दिसत असेल तर बायॉस उचकण्यात अर्थ नाही. मग व्हर्च्युअलबॉक्समधल्या चालू मशीनच्या खिडकीत खाली उजव्या कोपऱ्यात बघा. तिथे हिरवं कासव दिसतंय? मी महिनाभर ते शोभेचं समजत होतो! त्याचा अर्थ असा की प्रोसेसरची ती सोय विंडोजच्या हायपर-व्हीने (विंडोजची स्वतःची आभासी संगणक चालवणारी यंत्रणा) आधीच अडवलीय आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्यामार्फत काम भागवतोय. माझं उबुंटू २२.०४ डेस्कटॉपवर यायला चहा करून पिऊन व्हायचा.

माझ्याकडे कारण निघालं विंडोज सिक्युरिटीतलं 'मेमरी इंटिग्रिटी', ते याच यंत्रणेच्या आधारे चालतं. ते बंद केलं, ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये बीसीडीएडिट (विंडोज सुरू होतानाच्या सेटिंग बदलणारी कमांड) वापरून 'हायपरव्हायजरलाँचटाइप' ही हायपर-व्ही सुरू करायची सेटिंग ऑफ केली, लॅपटॉप रीस्टार्ट केला. कासवाच्या जागी निळा 'व्ही' आला नि मशीन पळायला लागलं. मात्र डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) वापरत असाल तर ते यानंतर चालणार नाही. हवं तेव्हा तीच सेटिंग 'ऑटो' करून पुन्हा रीस्टार्ट करावं लागतं. शिवाय मेमरी इंटिग्रिटी हे सुरक्षेचं कवच आहे, ऑफिसच्या लॅपटॉपवर आयटीवाल्यांना न विचारता हात लावू नका.