कूसीच्या सातव्या आंगेरांची वंशावळ: कुठून सुरुवात करू?

दुर्गभटक्या
नमस्कार मंडळी,
फ्रान्स-इंग्लंडच्या शतवार्षिक युद्धावर वाचता वाचता उत्तर फ्रान्समधल्या कूसीचा सरदार सातवा आंगेरां (१३४० ते १३९७) याच्यापाशी अडकलोय. आई हाब्सबुर्ग घराण्यातली, सासरा इंग्लंडचा तिसरा एडवर्ड आणि मरण आलं ते निकोपोलिसच्या पराभवानंतर, बुर्साला ऑटोमनांच्या कैदेत. याची वंशावळ नीट मांडायची आहे, वर जमेल तितकी आणि खाली मुलींच्या शाखांपर्यंत. नेटवर झाडं ढिगाने आहेत, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. एकात पहिल्या आंगेरांपासून सातव्यापर्यंत सरळ बाप-लेक, तर दुसऱ्यात मध्येच गीन नावाचं घराणं घुसतं. फ्रेंच कामचलाऊ येतं, लॅटिन शून्य. विश्वास कशावर ठेवू? फुकट साधनं असतील तर उत्तम.

कागदकीडा
गीनवालं झाड बरोबर. सरळ बाप-लेकवालं आत्ताच्या आत्ता सोडा.

कूसीची मूळ पुरुषशाखा १३११ साली संपली. चौथा आंगेरां निपुत्रिक वारला आणि जहागीर बहिणीच्या मुलाकडे गेली. ही बहीण आलिक्स, गीनचा काउंट तिसरा आर्नू याला दिलेली. तिच्या मुलाने जहागिरीबरोबर कूसी हे नावही घेतलं आणि तो झाला पाचवा आंगेरां. म्हणजे तुमचा सातवा बापाच्या बाजूने गीनचा, नाव मात्र आजोळचं.

आकड्यांवर तर मुळीच जाऊ नका. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये थॉमस द मार्ल (मृत्यू ११३०) बसतो. तिसऱ्याचा बाप राउल, तो ११९१ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या एकर शहराच्या वेढ्यात गेला. चौथ्याआधी गादीवर त्याचा थोरला भाऊ दुसरा राउल होता, तो १२५० मध्ये इजिप्तमध्ये मन्सुराला पडला. आणि सहावा हा पाचव्याचा मुलगा नव्हे, नातू. मधला गियोम, मृत्यू १३३५. नेटवरची निम्मी झाडं इथेच आपटतात.

वाचायचं काय? गीन, गां आणि कूसी घराण्यांवरचा आंद्रे द्युशेनचा १६३१ चा ग्रंथ. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका संकेतस्थळावर शोधा. द्युशेन आधी मजकूर लिहितो आणि मग 'पुरावे' म्हणून सनदांचे उतारे देतो. मजकूर चाळा, पुरावे मात्र नीट वाचा. फ्रेंच राज्यक्रांतीत अनेक मठांची दप्तरं उधळली गेली, त्यामुळे असे उतारे सोन्याच्या मोलाचे. फ्रेंच राजघराणं आणि सरदारांच्या वंशावळींचे पेर आन्सेल्मचे नऊ खंड (१७२६ ते १७३३) दुसऱ्या नंबरवर ठेवा, पडताळणीपुरते.

परदेशी_पाखरू
+१. इंग्रजीत हवं असेल तर 'मेडिएव्हल लँड्स' ही जालावरची फुकट सूची बघा. दिसायला रूक्ष आहे, पण बहुतेक नात्यांखाली मूळ लॅटिन ओळ आणि ती कुठली, हे दिलेलं असतं. जिथे ते नाही, तिथे नातं पेन्सिलीने लिहा. जेनेआनेट या वंशावळींच्या संकेतस्थळावरची झाडं सभासदांनी चढवलेली असतात. त्यांचा उपयोग सुगावा मिळण्यापुरता.

तारखांची एक गोची: त्या काळी फ्रान्सच्या दरबारी कागदांत वर्ष ईस्टरला बदलायचं. आंगेरां गेला १८ फेब्रुवारी १३९७ ला, पण ईस्टरच्या आधीची तारीख म्हणून तेव्हाच्या हिशेबात ते १३९६. दोन झाडांत एका वर्षाचा फरक दिसला तर आधी महिना बघा.

बखरबहाद्दर
लॅटिन येत नाही ना? मग इंग्लंडमार्गे या. पाचव्याची बायको क्रिस्तीन लिंडसे, तिच्यामुळे या घराण्याकडे इंग्लंडात जमिनी आल्या. सातवा तर १३६६ पासून बेडफर्डचा अर्ल होता, १३७७ मध्ये इंग्लंडच्या गादीवर दुसरा रिचर्ड आल्यावर त्याने ते सगळं परत केलं. जमीनदार मेला की तिथले अधिकारी चौकशी करून वारस कोण आणि त्याचं वय किती हे लिहून घेत. या दप्तरांचे इंग्रजी सारांश छापलेले आहेत. आपल्याकडे वतनाच्या तंट्यातला महजर (निवाड्याचा कागद) जसा पिढ्या सांगून जातो, तसंच हे. घराण्याची स्तुती करायला लिहिलेलं नसल्यामुळे मी द्युशेनच्याही आधी हेच उघडेन.

कागदकीडा
बखरबहाद्दर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. भारी.

माहेरवाशीण
सगळे वरच चाललेत, मी खालची बाजू सांगते. सातव्याच्या पहिल्या बायकोची धाकटी मुलगी फिलिपा ऑक्सफर्डच्या अर्लला, रॉबर्ट द व्हियरला दिली. त्याने तिला टाकलं, मूलबाळ नाही. दुसऱ्या बायकोच्या मुलीची शाखाही टिकली नाही. राहिली थोरली मारी. तिचं सावत्र आईशी वारसाहक्कावरून वाजलं आणि १४०० मध्ये तिने कूसी ऑर्लेआँच्या ड्यूकला, लुईला विकून टाकलं. भांडण आणि विक्री, दोन्हींतून कागद निघतात, तेव्हा ऑर्लेआँ घराण्याचं दप्तर सोडू नका.

मारीचा मुलगा रॉबेर द बार १४१५ मध्ये अ‍ॅजिनकोर्टला मारला गेला. त्याची मुलगी जान ही लुई द लक्झेंबर्गला दिली, तिचा मुलगा पियेर, त्याची मुलगी मारी ही बूर्बाँ-व्हांदोम घराण्यात पडली आणि तिचा पणतू म्हणजे फ्रान्सचा राजा चौथा आन्री. मुली गाळून झाड काढलं असतं तर हा राजा हातचा गेला असता!

दुर्गभटक्या
मंडळी, दंडवत. पाचव्यापासून खाली आधी पक्कं करतो. थॉमस द मार्लच्या वर किती जावं?

कागदकीडा
त्याचा बाप पहिला आंगेरां, त्याच्या वर बोव्ह घराणं, तिथे थांबा. थॉमसबद्दल बरंच काही नोजांच्या मठाधिपती गिबेअरकडून येतं आणि त्याला थॉमस डोळ्यांसमोर नको होता. बापालाच हा मुलगा आपला आहे का याची शंका होती असं तो लिहितो. नोंद करा, पण 'गिबेअर म्हणतो' असं लिहून.

दुर्गभटक्या
आणि हे सगळं मांडायला एखादं सॉफ्टवेअर?

परदेशी_पाखरू
ग्रॅम्प्स. फुकट आहे, नात्यागणिक संदर्भ जोडता येतो. ईस्टरच्या वर्षाची तारीख जुनी-नवी दोन्ही टिपेत लिहा.