गिडियन वेल्स: दर्यावर्दी नसलेल्या आरमारमंत्र्याने नाकेबंदी उभी केली कशी?

बॅकबे: अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेचा कापूस अडला, मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला, समुद्रात भराव घालणाऱ्या बॅकबे कंपनीचे शेअर चढले आणि १८६५ मध्ये कोसळले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण कापूस अडवणारा उत्तरेचा आरमारमंत्री वेल्स मूळचा हार्टफर्डचा संपादक. लिंकनने त्याला फक्त मंत्रिमंडळातली न्यू इंग्लंडची (ईशान्येकडच्या राज्यांची) जागा भरायला घेतलं का? ३,५०० मैलांचा किनारा त्याने अडवला कसा? आणि त्याची डायरी कितपत भरवशाची?

जुनी_गोदी: जागा भरायची होतीच, शिवाय विरोधी डेमोक्रॅटिक पक्षातून आलेला माणूसही हवा होता. पण अगदी कोरा नव्हता तो. १८४६ ते ४९, म्हणजे मेक्सिको युद्धाच्या काळात, आरमाराच्या शिधा-कपडे विभागाचा प्रमुख होता. कंत्राटदार बिलात कुठे हात मारतो हे त्याला नेमकं कळायचं. लढाईची तांत्रिक बाजू त्याने माजी नौदल अधिकारी गुस्ताव्हस फॉक्सवर सोपवली.

१८६१ मध्ये यादीवर नव्वदेक जहाजं, त्यातली ४२ सेवेत, आणि त्यांतलीही बरीच परदेशी समुद्रांत. म्हणून व्यापारी आगबोटी विकत घेऊन तोफा चढवल्या. न्यूयॉर्कच्या फेरीबोटीसुद्धा घेतल्या! दोन्ही टोकं सारखी असल्याने अरुंद नदीत न वळता मागे येता यायचं. युद्धाअखेर आकडा ६७० च्या घरात गेला.

दर्याकिनारी: खरी अडचण कोळशाची. बंदराबाहेर उभ्या आगबोटीलाही वाफ धरून ठेवावी लागते, नाहीतर रात्री निसटणाऱ्या बोटीचा पाठलाग करणार कसा? कोळसा संपला की जागा सोडून जायचं, आणि तेवढ्यात फट पडते. म्हणून ७ नोव्हेंबर १८६१ ला पोर्ट रॉयल घेतलं, ते दक्षिणेच्या चार्ल्सटन आणि सव्हाना या बंदरांच्या मधोमध. तिथे कोळसा, दुरुस्ती, शिधा, सगळी सोय झाली. तरी विल्मिंग्टन बंदराची वाट जानेवारी १८६५ मध्ये तिची राखण करणारा फोर्ट फिशर हा किल्ला पडेपर्यंत बंद झाली नाही.

कायद्याचा मुद्दाही आहे. वेल्सला 'नाकेबंदी' नकोच होती. आपलीच बंदरं बंद केल्याचं जाहीर करा, असं त्याचं म्हणणं. नाकेबंदी म्हटली की समोरच्याला युद्धमान पक्ष, म्हणजे बंडखोर नव्हे तर रीतसर युद्ध करणारी बाजू, मानल्यासारखं होतं. परराष्ट्रमंत्री सीवर्डचं ऐकलं गेलं, आणि मे १८६१ मध्ये ब्रिटनने दक्षिणेला तो दर्जा दिलाही.

जुनी_गोदी: वेल्सचे डागही सांगायला हवेत. जहाजखरेदी सोयरा जॉर्ज मॉर्गन याच्याकडे दिली, अडीच टक्के दलालीवर. काही महिन्यांत मॉर्गनला सुमारे ७०,००० डॉलर मिळाले. दर बाजाररीतीचाच आणि दलाली विकणाऱ्याकडून, पण सिनेटमध्ये सिनेटर हेलने रान उठवलं. ते योग्यच होतं, असं माझं मत. उलट 'मॉनिटर' या चिलखती युद्धनौकेचा करार पाहा: २,७५,००० डॉलर, मुदत १०० दिवस, जहाज निकामी ठरलं तर पैसे परत. हा माणूस शिध्याच्या खात्यातून आलाय हे त्या अटीत दिसतं.

बखरवाचक: डायरीबद्दल. १९११ ची तीन खंडांची आवृत्ती सरळ उद्धृत करू नका. वेल्सने नंतर केलेले फेरफार तीत मूळ मजकुरात मिसळले आहेत; १९६० च्या आवृत्तीत ते वेगळे दाखवलेत. नियमित नोंदी ऑगस्ट १८६२ पासूनच्या, त्याआधीचा भाग मागाहून लिहिलेला. त्यामुळे ९ मार्च १८६२ ला दक्षिणेच्या 'मेरिमॅक' या चिलखती युद्धनौकेच्या भीतीने युद्धमंत्री स्टँटन खिडकीशी येरझारा घालत होता, हे लोकप्रिय वर्णन त्या दिवशीचं टिपण नाही. स्टँटनशी वेल्सचं बिनसल्यावर लिहिलेलं आहे ते, तेव्हा हात राखूनच वापरा.