फॅमिली रूममध्ये गॅस फायरप्लेस: वॉटर हीटरच्या पाइपावरून लाइन काढावी का?

एडिसनकर
मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे. न्यू जर्सीतलं दुमजली, लाकडी बांधणीचं घर. फॅमिली रूमच्या बाहेरच्या भिंतीला गॅस फायरप्लेस बसवायची आहे. घराला चिमणी नाही.

नैसर्गिक वायूचं कनेक्शन आहे. मीटरपासून बेसमेंटमध्ये ¾ इंची काळा लोखंडी पाइप येतो. फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) ताशी ८०,००० बीटीयू (उष्णतेचं माप), वॉटर हीटर ४०,०००, शेगडी ६५,०००. मनात असलेली फायरप्लेस ३०,००० ची. मीटरपासून तिच्या जागेपर्यंत पाइपाच्या वाटेने मोजलं तर ६० फूट भरतं. आजवर सर्वांत लांब शेगडी होती, ४० फुटांवर.

१) वॉटर हीटरची ½ इंची लाइन त्या भिंतीच्या बरोब्बर खालून जाते. तिथेच टी (तीन तोंडांचा जोड) टाकली तर चालेल का?
२) व्हेंट-फ्री (धूर बाहेर नेणारा पाइप नसलेली) घेतली तर भिंत फोडायला नको. घ्यावी का?
३) वर टीव्ही लावायचा आहे.

पाइपफिटर
पहिल्याचं उत्तर नाही. कारण निव्वळ बेरजेचं आहे.

काळ्या लोखंडी पाइपाचं कोष्टक उघडा, नेहमीच्या घरगुती दाबाचं, ०.५ इंच (पाण्याच्या स्तंभाच्या मापात) दाबघट धरलेलं. मीटरपासून सर्वांत लांबच्या उपकरणापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि घरातल्या प्रत्येक तुकड्याला त्याच अंतराची ओळ लावायची. इथेच बहुतेकांची गफलत होते. फायरप्लेस आली की फक्त तिची फांदी नाही, सगळ्या घराची ओळ ४० वरून ६० फुटांवर जाते.

६० फुटांच्या ओळीत ½ इंची पाइप ताशी ६५ घनफूट वायू देतो, ¾ इंची १३७, १ इंची २५७. एक घनफूट म्हणजे ढोबळमानाने १,००० बीटीयू. वॉटर हीटर ४० आणि फायरप्लेस ३० मिळून ७०. ½ इंचीत बसत नाही, विषय संपला.

आता मुख्य पाइप. जुनी बेरीज १८५, आणि ४० फुटांच्या ओळीत ¾ इंची पाइप देतो १७०. म्हणजे तो आत्ताच तोकडा आहे. सगळं एकाच वेळी क्वचित चालतं म्हणून कळलेलं नाही इतकंच. फायरप्लेस धरून बेरीज २१५ होते. तिला १ इंची हवा.

पण अख्खा पाइप बदलायची गरज नाही. मीटरनंतर पहिली टी फर्नेसची असेल तर फर्नेसचे ८० तिथे वजा होतात, पुढे उरतात १३५. ¾ इंचीची मर्यादा १३७. काठावर का होईना, पास. मीटर ते फर्नेसची टी एवढाच तुकडा १ इंची करा, त्यानंतरच्या ¾ इंची पाइपावरून फायरप्लेससाठी स्वतंत्र ½ इंची फांदी काढा. क्रम वेगळा असेल तर हिशोब पुन्हा मांडावा लागेल. मीटरच्या पट्टीवरची क्षमताही वाचून घ्या. ताशी २५० घनफुटांचा असेल तर २१५ चालतात.

हे न करता जोडणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: ऑक्टोबरमध्ये ज्योत झकास, जानेवारीत फर्नेस सुरू झाली की मलूल. मग व्हॉल्व्ह बदलतात, बर्नर साफ करतात. दोष बेसमेंटमध्ये असतो.

धुराडं
दुसऱ्या प्रश्नावर येतो. व्हेंट-फ्री म्हणजे धूर होत नाही असं नव्हे. तो खोलीत राहतो, एवढाच अर्थ. ३०,००० बीटीयूची ज्योत तासभर जळली की वायूतल्या हायड्रोजनपासून सव्वा लिटरच्या वर पाणी वाफ होऊन खोलीत येतं. हिवाळ्यात घट्ट बंद घरात ते खिडक्यांच्या काचांवर आणि गार कोपऱ्यांत उतरतं, मागोमाग बुरशी. तिच्यातला सेन्सर हवेतला ऑक्सिजन सुमारे १८ टक्क्यांवर आला की गॅस तोडतो, पण कार्बन मोनॉक्साइड तो थेट मोजत नाही. कॅलिफोर्नियात राहत्या घरांत ही चालतच नाही. बाहेरची भिंत हाताशी असताना या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

डायरेक्ट व्हेंट घ्या. काच हवाबंद असते आणि पाइपात पाइप असतो: आतल्या ४ इंचीतून धूर बाहेर, बाहेरच्या ६⅝ इंचीतून ज्वलनाची हवा आत. खोलीतल्या हवेशी संबंधच नाही. काही मॉडेलांना ५ आणि ८ इंची जोडी लागते, म्हणून मॉडेल ठरल्याशिवाय भोक पाडू नका.

जिथे चुका होतात तेवढंच लिहितो.

पेटीतून निघाल्यावर पाइप आधी उभा चढला पाहिजे. किती, ते मॅन्युअलच्या आलेखात असतं. आडवा भाग जितका लांब तितका उभा जास्त. हे चुकलं की ज्योत काचेला चाटते किंवा दहा मिनिटांत विझते.

आडव्या पाइपाभोवती साधारणपणे वर ३ इंच आणि बाजूंना व खाली १ इंच मोकळी जागा लागते. गरम हवा वर साठते म्हणून वरचं अंतर जास्त. भिंतीतून जाताना कंपनीचा फायरस्टॉपच (आग पसरू न देणारी चौकट) वापरा. त्या पोकळीत काचलोकर कोंबली तर मोकळी जागा सोडण्याला अर्थ उरत नाही.

सांध्याला स्क्रू मारायचा असेल तर अर्ध्या इंचाहून लांब नको. लांब स्क्रू आतल्या नळीला भोक पाडतो, धूर ताज्या हवेत मिसळतो आणि ज्योत गुदमरते. भिंत बंद झाल्यावर हा दोष शोधणं महाकठीण.

बाहेरची टोपी उघडणाऱ्या खिडकीपासून आणि जमिनीपासून किमान १२ इंच, गॅस रेग्युलेटरच्या तोंडापासून ३ फूट. तुमच्याकडे बर्फ साठतो, तेव्हा जमीन म्हणजे बर्फाचा थर धरा. भिंतीला व्हिनाइल साइडिंग असेल तर टोपीमागे स्टँडऑफ (टोपी भिंतीपासून दूर धरणारा तुकडा) हवाच, नाहीतर पहिल्याच हिवाळ्यात साइडिंग लाटांसारखं वाकतं.

टीव्हीचं: पेटीच्या डोक्यावर पत्र्याचे उभे कान असतात. ते वाकवून चौकट खाली घेण्याचा मोह होतो. तसं करू नका, लाकूड दूर ठेवण्यासाठीच ते आहेत. दर्शनी भागाला ड्रायवॉल नाही, सिमेंट बोर्ड, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या उंचीपर्यंत. टीव्हीखाली पुढे आलेला मँटेल (फायरप्लेसवरची फळी) ठेवला तर वर चढणारी ऊब खोलीत ढकलली जाते. तरी मॅन्युअलमध्ये टीव्हीची अंतरं दिली असतील तीच पाळा. दिली नसतील तर टीव्ही शेजारच्या भिंतीवर.

एडिसनकर
पहिली टी फर्नेसचीच आहे, आत्ताच पाहून आलो. व्हेंट-फ्री रद्द. प्लंबर म्हणतो, शेवटचे काही फूट भिंतीतून पिवळा लवचीक पाइप नेऊ, आणि ड्रिप लेगची (लाइनमधला कचरा साठवणाऱ्या उभ्या तुकड्याची) गरज नाही. बरोबर आहे का?

आटेदार
पिवळे पाइप दोन जातींचे असतात आणि दिसायला भाऊभाऊ. दोन्ही टोकांना कारखान्यातूनच नट बसवलेला, ठरावीक लांबीचा तुकडा असेल तर तो उपकरणाचा कनेक्टर. तो भिंतीतून नेता येत नाही. रिळावरून कापून, टोकाला पितळी फिटिंग चढवून वापरतात तो सीएसएसटी. तो भिंतीतून चालतो, पण जिथे लाकडाच्या कडेजवळून जाईल तिथे पोलादी पट्टी ठोका, म्हणजे पुढे कोणी चित्र टांगायला खिळा मारला तरी पाइप वाचतो. साध्या पिवळ्या सीएसएसटीला ६ गेजच्या तांब्याच्या तारेने घराच्या अर्थिंगशी जोडावं लागतं. विजेच्या लोळाने त्याच्या पातळ भिंतीला भोक पडू शकतं. प्लंबरला विचारा: दोन्हींतला कुठला, आणि बाँडिंग कोण करणार?

ड्रिप लेगबद्दल तो चूक नाही. वायूच्या कोडमध्ये गॅस फायरप्लेसला त्यातून सूट आहे, जशी शेगडीला. तरी मॅन्युअलने मागितला असेल तर लावावाच लागेल, आणि नवे आटे पाडलेल्या लाइनवर ३ इंचाचा निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला छोटा पाइप) आणि कॅप लावणं स्वस्तातलं काम आहे. लोखंडाचा कीस पायलटच्या (बर्नर पेटवणाऱ्या लहान ज्योतीच्या) छिद्रात अडकला की छडा लावायला तासन्‌तास जातात. पाइप डोप (सांधा बंद करणारी पेस्ट) बाहेरच्या आट्यांनाच, पहिले दोन आटे कोरडे सोडून.

दाबाची चाचणी व्हॉल्व्ह सुटा ठेवूनच. कोडप्रमाणे किमान ३ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), १० मिनिटं. टाउनशिपचे इन्स्पेक्टर अनेकदा जास्त मागतात. फायरप्लेसचा व्हॉल्व्ह जेमतेम अर्धा पीएसआय सोसतो. तो जोडलेला असताना हवा भरली तर आतला पडदा फाटतो. नुसती गॅस कॉक बंद केली म्हणून निर्धास्त राहू नका, पाइप सोडवून टोकाला कॅप लावा. जोडल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी.

पाइपफिटर
वरच्यात भर. पेटवल्यावर मॅनोमीटर (दाबमापक) लावून दाब पाहा. व्हॉल्व्हवर दोन छोटे स्क्रू असतात, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दाबाचे. नैसर्गिक वायूला आत साधारण ७ इंच पाण्याचा स्तंभ, बर्नरकडे ३.५. हे मोजताना फर्नेस, हीटर, शेगडी सगळं चालू ठेवा. एकटी फायरप्लेस चालवून घेतलेल्या आकड्याला किंमत नाही.

मॅनोमीटर नसेल तर बाकी सगळं बंद करून मीटरवरचा अर्ध्या घनफुटाचा काटा घड्याळ लावून पाहा. ३०,००० बीटीयूला एक फेरा ६० ते ६२ सेकंदांत व्हायला हवा. ७० च्या पुढे गेला तर बर्नर उपाशी आहे.

धुराडं
विजेचं राहिलं. कायम पेटत्या पायलटचं मॉडेल असेल तर भिंतीवरच्या बटणात ज्योतीपासून तयार होणारे मिलिव्होल्ट असतात. तिथे चुकून १२० व्होल्ट जोडले की व्हॉल्व्ह क्षणात जळतो. त्या बटणाच्या डब्यात दुसरी कुठलीही वायर आणू नका. इलेक्ट्रॉनिक पायलट घेतलात तर बॅटरीचा कप्पा तपासा, म्हणजे वादळात वीज गेली तरी खोली गरम राहील.

बनावट ओंडके चित्रात दाखवलेल्या खुणांवरच ठेवा. एखादा ज्योतीत आडवा आला की आठवडाभरात काचेवर काजळी. निखाऱ्यांची लोकर पातळ पसरा, बर्नरच्या छिद्रांवर दाबून भरू नका. पहिल्यांदा तीन-चार तास पूर्ण ज्योतीवर जाळा, खिडक्या उघडून. रंग भाजल्याचा वास येतो, स्मोक अलार्मही वाजू शकतो. नंतर काचेवर पांढुरकी साय दिसते. काच पूर्ण गार झाल्यावर अमोनिया नसलेल्या द्रावाने पुसा, नाहीतर ती भाजून पक्की बसते. काचेसमोरची जाळी काढून ठेवू नका, लहान मुलं असतील तर मुळीच नाही. झोपायच्या खोल्यांपासून १० फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म न्यू जर्सीत सक्तीचा आहे.

आटेदार
आणि परमिट आधी. पाइप आणि व्हेंट उघडे असतानाच पहिली तपासणी होते. त्याआधी सिमेंट बोर्ड ठोकला तर तो काढायला लावतात. छापील मॅन्युअल पेटीजवळच ठेवा, इन्स्पेक्टर अंतरं त्याच्याशीच ताडून पाहतो.