यक्षगान ते संगीत नाटक: हा प्रवास लिहावा कसा?

खानापूरकर:
एम.ए.च्या निबंधासाठी विचारतो आहे. नाट्येतिहास १८४३ च्या सांगलीपासून, म्हणजे विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवरा’पासून सुरू होतो आणि कर्नाटकातील भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा ओझरती सांगून पुढे सरकतो. संगीताचे अभ्यासक अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतला’पासून आरंभ करतात. आपल्या सीमाभागातला धागा या दोहोंच्या मधोमध हरवतो. तो कसा पकडावा?

मलप्रभाकाठ:
‘प्रभाव’ हा शब्द बाजूला ठेवून गाते कोण, एवढेच आधी पाहावे. यक्षगानात, म्हणजे कर्नाटकातल्या पारंपरिक नृत्यनाट्यात, भागवत (मुख्य गायक-निवेदक) पदे म्हणतो, तर पात्रे नाचतात आणि मधूनमधून स्वतःच्या बुद्धीने संवाद रचतात. भाव्यांच्या खेळांतही सूत्रधारच गात असे आणि पात्रे आयत्या वेळी सुचेल ते गद्य बोलत. सीमाभागातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी मात्र कालिदासाची बांधीव संहिता घेतली आणि पद थेट पात्राच्या तोंडी दिले; त्यासाठी कीर्तनातल्या साकी-दिंडी या पद्यप्रकारांबरोबर कानडी चालीही वापरल्या. शकुंतला स्वतः गाऊ लागली की नटाला गवई व्हावे लागते, आणि मंडळीच्या निवडीपासून प्रेक्षकांच्या अपेक्षेपर्यंत सारेच बदलते. नाट्येतिहासकाराला यात प्रयोग दिसतो, संगीतज्ञाला चाल, साहित्याच्या अभ्यासकाला अनुवाद. माझ्या मते तिघांनी एकाच पदाशी थांबून पाहिले, तर निबंध उभा राहील.

निपाणीचा वाचक:
मुद्दा पटला, पण एक सावधगिरी हवी. तंजावरच्या भोसले दरबारात सतराव्या शतकाच्या अखेरीसच मराठी नाटके लिहिली गेली होती आणि त्यांचेही यक्षगानाशी साम्य दाखवता येते. तरीही तंजावर ते सांगली असा मार्ग पुराव्याने जोडल्याशिवाय ती भाव्यांची पूर्वपीठिका ठरत नाही. साम्य दिसले की देवघेव झालीच, असे आपल्याकडे फार लवकर लिहिले जाते. (सीमावादाच्या दोन्ही बाजूंना ही सवय आहे, ते असो.)

खानापूरकर:
आभारी आहे. उलट दिशेचाही प्रवास घ्यावा का?

मलप्रभाकाठ:
अवश्य. गदगला कन्नड नाटककार शांतकवींनी १८७० च्या दशकात कन्नड मंडळी उभारली, ती मराठी नाटकमंडळ्यांच्या वर्चस्वाला उत्तर म्हणूनच. पुढच्या कन्नड कंपन्यांनी मात्र पडदे, हार्मोनियमची साथ आणि हिंदुस्थानी चाली मराठी कंपन्यांकडूनच उचलल्या. कुंदगोळचे गायक सवाई गंधर्व कन्नडभाषक असून मराठी संगीत नाटकांत स्त्रीभूमिका करीत, तेव्हा त्यांच्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण राखून ठेवा.