अँटिबायोटिकमुळे जुलाब: दही पुरेल की कॅप्सूलच हवी?

सांगलीची_सून
सासूबाईंना (वय ७१) लघवीच्या इन्फेक्शनसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन चालू आहे, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. तिसऱ्या दिवसापासून जुलाब, दिवसातून पाच-सहा वेळा. रक्त नाही, ताप नाही. डॉक्टरांनी फोनवर सॅकरोमायसिस बूलार्डीच्या कॅप्सूल सांगितल्या. मेडिकलवाला म्हणाला, त्या संपल्यात, ही घ्या, एकच आहे, आणि लॅक्टोबॅसिलसची स्ट्रिप हातात दिली.
सासूबाई ती घ्यायला तयार नाहीत. "माझ्या विरजणाला काय धाड भरलीय? चाळीस वर्षं तेच चालवतेय." पोटाला त्रास नको म्हणून गोळीसुद्धा दहीभाताबरोबरच घेतात. आणि नणंदेचा फोन: जंतू मारायला गोळी घ्यायची अन् वर पैसे देऊन जंतूच गिळायचे, हा काय प्रकार? मला उत्तर देता आलं नाही. कोणी सांगेल का?

बाकरवडी
नणंदबाईंना सांगा, काट्याने काटा काढतात. बाकी जाणकारांच्या प्रतीक्षेत.

पेट्रीडिश_काकू
अठ्ठावीस वर्षं लॅबमध्ये कल्चर लावण्यात गेली, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.
पहिलं काम: सिप्रो दहीभाताबरोबर देणं आजपासून बंद. दह्यातलं कॅल्शियम या औषधाला धरून ठेवतं आणि ते रक्तात कमी उतरतं, साधारण तिसरा हिस्सा वाया जातो. गोळी दह्याच्या दोन तास आधी, नाहीतर दही खाल्ल्यावर सहा तासांनी. असं अंतर नाही ठेवलं, तर इकडे पोट सांभाळता सांभाळता तिकडे इन्फेक्शन अर्धवट राहायचं.
दुसरं, 'एकच आहे' हे साफ चूक. बूलार्डी हा बॅक्टेरिया नाहीच, ते यीस्ट आहे, पावाच्या यीस्टचं भावंड म्हणा. आँरी बूलार या फ्रेंच माणसाला इंडोचायनात (आजचा व्हिएतनाम-कंबोडियाचा भाग) कॉलऱ्याच्या साथीत दिसलं, की तिथले लोक लिची आणि मँगोस्टीनच्या साली उकळून पितात. त्या सालींवरून त्याने १९२३ च्या सुमारास हे यीस्ट वेगळं केलं. अँटिबायोटिक बॅक्टेरियाला मारतं, यीस्टला त्याचं काही वाटत नाही. लॅक्टोबॅसिलस हा बॅक्टेरियाच, तो मात्र मरू शकतो, म्हणून तो गोळीपासून दोन तास लांब ठेवायचा.
आता नणंदबाई. काट्याने काटा नव्हे हो, हा जागेचा प्रश्न आहे. लोकलमध्ये तिघं बसलेले असले की चौथ्याला कोपऱ्यावर टेकावं लागतं. आतड्यातले आपले जुने जिवाणू तसे जागा आणि खाणं अडवून बसलेले असतात. आपल्याला न पचलेला कोंडा खाऊन ते जी आम्लं तयार करतात, त्यांवर मोठ्या आतड्याचं अस्तर पोसलं जातं. अँटिबायोटिकने डबा रिकामा झाला की तो कोंडा तसाच पडून पाणी ओढतो, जुलाब होतात. आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारखा (जबर जुलाब करणारा जिवाणू) गुंड आरामात पाय पसरतो. कॅप्सूलमधले जिवाणू किंवा यीस्ट तेवढ्या वेळापुरते सीटवर रुमाल टाकतात.
उपयोग होतो का? मुलांवरच्या ३३ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१९ साली आला, ६,३५२ मुलं. अँटिबायोटिकबरोबर प्रोबायोटिक (म्हणजे असे उपयोगी जंतू) मिळालेल्यांत ८ टक्क्यांना जुलाब, न मिळालेल्यांत १९ टक्क्यांना.
विरजणाबद्दल वाईट वाटून घेऊ नका. दही लावणारे जिवाणू दूध पचवायला मदत करतात, पण आतड्यात मुक्काम करत नाहीत. शिवाय चाळीस वर्षांत तुमच्या ओट्यावरचं, पातेल्यातलं काय काय त्यात आलं असेल ते देवालाच ठाऊक. अन्न म्हणून उत्तम. औषध म्हणायचं तर कोणता जिवाणू, किती, हे सांगता यायला हवं.
पाणी-ओआरएस चालू ठेवा. जुलाब थांबवायची गोळी मनाने देऊ नका. ताप, रक्त, पोटात मुरडा किंवा दोन दिवसांत उतार नाही, तर डॉक्टरांकडून शौचाची तपासणी. आणि मानेत-छातीत सलाइनची मोठी नळी असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या पेशंटला बूलार्डी नाही, ते यीस्ट रक्तात जाऊ शकतं.

सांगलीची_सून
काकू, _/\_ मग कॅप्सूल महिनाभर देऊ का, सीट पक्की होईपर्यंत?

पेट्रीडिश_काकू
नको! सीट तुमच्या जुन्या प्रवाशांची आहे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१८ साली २१ निरोगी लोकांना अँटिबायोटिक देऊन तीन गट केले. काहीच न घेतलेल्यांचे मूळचे जिवाणू तीनेक आठवड्यांत परतले. प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे पाच महिन्यांनीही पुरते परतले नव्हते, रुमाल टाकणारेच बसून राहिले. तिसऱ्या गटाला त्यांचीच, औषधाआधी साठवलेली विष्ठा नळीने परत दिली, ते काही दिवसांत पूर्ववत. (नाक मुरडू नका, सी. डिफिसिल वारंवार उलटतो तेव्हा दुसऱ्याची विष्ठा हेच औषध ठरतं.) अभ्यास छोटा आहे, पण मी तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपलीकडे घेणार नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, भाजी: त्यांना खायला घाला, ते येतात.

भुवनेश्वरकर
इथे ओडिशात १४९ गावांतल्या ४,५५६ नवजात बाळांवर प्रयोग झाला होता, २०१७ साली छापून आला. एक ठरावीक लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम आणि त्याला खाऊ म्हणून एक साखर, फक्त सात दिवस. जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं. पण तो एकच वाण, त्याच मात्रेत. दुकानातली कुठलीही पुडी तान्ह्या बाळाला देऊ नये.

सांगलीची_सून
दुसऱ्या मेडिकलमधून बूलार्डी मिळालं. आज फक्त दोनदा. दही आता दुपारी तीनला, घड्याळ बघून. रुमालाचं नणंदेला पटलं. सासूबाई म्हणाल्या, ओट्यावरून विरजणात काही येत नाही, त्या काकूंना म्हणावं येऊन बघा.